पहिली ट्री सॅडल – मिशिगनमध्ये धनुष्याच्या शिकारीसाठी काय घ्यावं?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

मी लॅन्सिंगजवळ राहतो. पुण्यात असताना सह्याद्रीतले सुळके चढायचो, त्यामुळे रोप, कॅराबिनर (उघडझाप होणारं दार असलेली धातूची कडी), प्रुसिक (दोरावर सरकणारी आणि भार आला की आवळणारी गाठ) हे सगळं ओळखीचं आहे. हरणाच्या शिकारीत मात्र नवखा आहे. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, कंपाउंड धनुष्य घेतलं, वीस यार्डांवर बाण आता एकाच जागी लागतात. गेल्या हंगामात मित्राबरोबर जमिनीवर आडोसा करून बसलो होतो. यंदा झाडावर बसायचंय.

माझी स्वतःची जमीन नाही, जे काही आहे ते सरकारी जंगल. गाडी लावून मैलभर आत चालत जायचं, तर पाठीवर मचाण वाहून नेणं परवडत नाही. म्हणून सॅडल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: कमरेला आणि बुडाखाली रुंद कापडी पट्टा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना जोडलेला छोटा दोर म्हणजे ब्रिज. झाडाला डोक्याच्या उंचीवर आवळलेला दोर म्हणजे टेदर. ब्रिज टेदरला अडकवायचा, पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर ठेवायचे, झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं.

प्रश्न असे. माझा जुना क्लाइंबिंग हार्नेस आहे, पहिल्या वर्षी त्यावर भागेल का? एका पट्ट्याची सॅडल घ्यावी की दोन पट्ट्यांची? आणि सगळं मिळून सहाशे डॉलरच्या आत बसवायचं असेल तर पैसे कुठे जास्त घालावेत? उंची पाच फूट आठ इंच, वजन पंच्याहत्तर किलो.

ग्रँडरॅपिड्सकर

चांगला धागा. अनेक वर्षं सॅडलमधूनच शिकार करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हार्नेसचं आधी, कारण गिर्यारोहकांचा घात तिथे होऊ शकतो. क्लाइंबिंग हार्नेस पडणाऱ्याला झेलायला बनवलेला असतो, तीन-चार तास बसायला नव्हे. पायपट्टे मांड्यांत रुततात, ही झाली गैरसोय. खरी भीती कडेच्या लूपची. झाड चढताना लाइनमन रोप लागतो, म्हणजे खोडाभोवती फिरवून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायचा दोर. सॅडलला त्यासाठी दोन्ही बाजूंना भार घेणारे शिवलेले लूप असतात. तुमच्या हार्नेसला त्याच जागी दिसतील ते गिअर लूप. ते कॅराबिनर आणि क्विकड्रॉ लटकवायला असतात, माणसाचा भार घ्यायला नसतात. पहाटे अंधारात, हातमोजे घालून, बोटांनी चाचपत जो लूप सापडेल त्यात अडकवणार तुम्ही. तेव्हा हार्नेस ट्रेकसाठी ठेवा.

आता पैशांचं. नवीन माणूस सगळं लक्ष सॅडलवर देतो. ती साधारण दोनशे ते चारशे डॉलरला मिळते आणि चांगल्या कंपन्यांच्या सॅडलींत आजकाल फार डावं-उजवं राहिलेलं नाही. तुमची सकाळ बरी जाणार की वाईट, हे पायाखालचा प्लॅटफॉर्म आणि वर जाण्याचं साधन ठरवतं. प्लॅटफॉर्म डुगडुगत असेल, खोडाला नीट चावत नसेल, तर जगातल्या सर्वांत महागड्या सॅडलमध्येही तासाभरात पोटऱ्या भरून येतात. सहाशेत बसवायचं तर मधल्या किमतीची सॅडल घ्या, चार साध्या ॲल्युमिनियमच्या स्टिक (खोडाला पट्ट्याने आवळायचे शिडीचे छोटे तुकडे) घ्या आणि प्लॅटफॉर्मवर हात आखडू नका. दोर आणि कॅराबिनर चांगलेच हवेत. तिथे काटकसर नको.

तुम्ही आमच्या राज्यातले आहात म्हणून एक सुचवतो. जॉन एबरहार्ट हे मिशिगनचेच शिकारी. १९८०च्या दशकापासून सॅडल वापरत आलेत, बाकीच्या देशाला तिचं नावही माहीत नव्हतं तेव्हापासून. लोकांनी वर्षानुवर्षं तुडवलेल्या जंगलात हरणं कशी हेरायची, यावर त्यांनी बरंच शिकवलंय. सरकारी जमिनीवर बसणाऱ्याने ते जरूर ऐकावं.

मिरजेचा_मिलिंद

धागा वाचून वाईट वाटलं. हरणाची शिकार आणि त्याची इतकी तयारी? आपल्याकडे तर हा गुन्हा आहे.

अनुजा_पिट्सबर्ग

मिलिंद, तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. तिथे जंगल आणि जनावरं दोन्ही संपत चालली होती. इथली गोष्ट उलटी आहे. पूर्वेकडच्या बहुतेक भागांतून लांडग्यांचे कळप केव्हाच नाहीसे झाले, शेतं आणि वस्त्या वाढल्या आणि पांढऱ्या शेपटीची हरणं त्यात फोफावली. जंगलातली कोवळी रोपं ती उगवू देत नाहीत, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. कधी, किती आणि कशाने मारायची हे राज्य ठरवतं. परवान्याचे पैसे वन्यजीव खात्याकडे जातात. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका, काडतुसं आणि धनुष्यांवर कर लागतो, तोही त्याच कामाला येतो. आमच्याकडे एका हरणाचं मांस हिवाळाभर पुरतं, वाया काही जात नाही.

इतकं सांगून विषयाकडे येते, कारण मला कातळवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय.

एक पट्टा की दोन, हे शरीरावर ठरतं. एका पट्ट्याची सॅडल हलकी आणि सुटसुटीत असते, पटकन चढवता येते. जो बहुतेक वेळ रेलून उभा राहतो त्याला ती पुरते. दोन पट्ट्यांचीत वरचा पट्टा कमरेमागे आणि खालचा मांड्यांकडे सरकवता येतो. कधी रेलायचं, कधी खरंच बसायचं, अशी अदलाबदल करता येते. माझे नितंब रुंद आहेत. एका पट्ट्यात दोन्ही बाजूंची हाडं अशी आवळली जायची की अर्ध्या तासात जीव नको व्हायचा. इथले लोक याला हिप पिंच म्हणतात. दोन पट्ट्यांत ते जवळपास गेलं. बायकांनी तरी आधी दोन पट्ट्यांची घालून पाहावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिच्यात जुळवाजुळव जास्त करावी लागते आणि कापडही जास्त असतं, हेही खरं.

हिप पिंच झालं म्हणून लगेच सॅडल परत पाठवू नका. आधी ब्रिज थोडा लांब करून बघा, त्याने कमरेवरचा कोन मोकळा होतो. मग टेदर चार बोटं वर किंवा खाली. मग पट्टा मांड्यांकडे सरकवून. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पंधरा मिनिटं तरी लटका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळतच नाही. गुडघे झाडाला टेकतात तिथेही दुखतं. फरशी बसवणारे लोक बांधतात तसले गुडघ्याचे पॅड स्वस्तात मिळतात, ते घ्या.

मिरजेचा_मिलिंद

इतकं माहीत नव्हतं. माझ्याच्याने हे होणार नाही, पण शांतपणे उत्तर दिलंत, आभार.

गाठ_आणि_दोर

मी मेकॅनिकल इंजिनीअर, क्लीव्हलंडजवळ. कातळवाट, तुम्ही प्रस्तरारोहण केलंय म्हणून तुम्हालाच एक गोष्ट बजावून सांगतो. नवख्याला ती सांगावी लागत नाही, कारण त्याच्या हाताला जुनी सवय नसते.

क्लाइंबिंगचा रोप डायनॅमिक असतो. तुम्ही पडलात की तो ताणतो आणि झटका पिऊन टाकतो. सॅडलचा टेदर स्टॅटिक असतो, जवळपास ताणत नाही. ते तसंच हवं, कारण त्यावर तुम्ही सतत भार देऊन बसता, वरखाली हिंदकळलात तर नेम कसा धरणार? पण याचा अर्थ असा, की टेदरमध्ये ढील ठेवायची सोय नाही. प्लॅटफॉर्मवर टेदरच्या गाठीपेक्षा उंच उभे राहिलात आणि पाय निसटला, तर दोन फुटांचं पडणंही तुमच्या पाठीच्या कण्यावर येतं. ब्रिज बऱ्याच सॅडलींना डायनीमा जातीच्या दोराचा असतो. तो फारच मजबूत, पण जवळपास न ताणणारा. गाठ मारलेली डायनीमाची पट्टी छोट्याशा पडण्यातही तुटू शकते, हे गिर्यारोहणाच्या साहित्याच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. तेव्हा गाठ नेहमी कपाळाच्या उंचीला किंवा वर, आणि दोर नेहमी ताठ. वर चढताना लाइनमन रोपही तसाच, प्रत्येक पावलाला वर सरकवत न्यायचा.

दुसरं उष्णतेचं. डायनीमा नायलॉनपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळतो. प्रुसिक भाराखाली सर्रकन घसरला की घर्षणाने दोराचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडक होतो. हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण दोर दोन बोटांमध्ये धरून इंच न इंच ओढत तपासा. कडक ठिपका, चपटा झालेला भाग, बाहेर आलेले तंतू, यातलं काहीही लागलं तर दोर बाद. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, दोन्ही सारख्या जाडीच्या असल्या तर पकड नीट बसत नाही. कॅराबिनर लॉक होणारा आणि बावीस किलोन्यूटनच्या वरचा घ्या. बावीस म्हणजे साधारण सव्वादोन टन, पण हा आकडा कॅराबिनर उभा, दार बंद आणि भार त्याच्या कण्यावर, म्हणजे दारासमोरच्या सलग बाजूवर, असतानाचा आहे. आडवा पडला की तो बराच खाली येतो. म्हणून मागे रेलण्याआधी एक नजर टाकायचीच.

गॅरेजमध्ये दोर उघडे टांगू नका. घामाचा खारटपणा उंदरांना आवडतो.

कातळवाट

ढिलीचा मुद्दा वाचून थांबलो. आमच्याकडे बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, थोडी ढील ठेवतोच, ती सवय हातात आहे. हे लिहून ठेवतो.

जुनी सॅडल घेतली तर? ओळखीचा एक जण दोन हंगाम वापरलेली अर्ध्या किमतीत देतोय.

ग्रँडरॅपिड्सकर

माणूस ओळखीचा असेल, सॅडल कुठे ठेवली होती हे त्याला सांगता येत असेल आणि शिवण स्वच्छ असेल तर सॅडल घ्यायला हरकत नाही. ब्रिज, टेदर, लाइनमन रोप मात्र सगळे नवीन. दुसऱ्याच्या दोराचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. कापडावर कंपनीचं लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. ते लेबल कापलेलं असेल तर घेऊ नका.

उत्तर_विस्कॉन्सिन

जंगलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सॅडलची मोठी गंमत ही की मचाणाला सरळ, फांद्या नसलेलं, ठरावीक जाडीचं झाड शोधावं लागतं. सॅडलला वाकडं, दुबेळक्याचं, फांद्यांचं कसलंही चालतं. जिथे कुणी बसू शकत नाही असं हरणांना वाटतं तिथे तुम्ही बसता. पण कसलंही म्हणजे मेलेलं नव्हे! मिशिगनवाल्यांना तर हे ओरडून सांगायला हवं. एमराल्ड ॲश बोरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच डेट्रॉइटजवळ, २००२ साली. त्याने ॲशची झाडं वाळवून टाकली. ती आजही जंगलात उभी दिसतात, सरळसोट आणि मोहात पाडणारी. आतून ठिसूळ असतात. साल गळून पडलेली, खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक छिद्रं, वरच्या फांद्यांना पानं नाहीत, असं झाड दिसलं की पुढे चला. शेजारच्या झाडावर बसणार असाल तरी वर बघा, मेलेल्या ॲशची फांदी वाऱ्यात तुमच्यावरच येते.

ओक चांगला. मेपल चांगला. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांसारखी सुटलेली असते, दोर सरकवताना एवढा आवाज होतो की अख्ख्या जंगलाला कळतं. ॲस्पेन गुळगुळीत, दव पडलं की प्लॅटफॉर्म जास्त आवळावा लागतो.

आणि झाडाला इजा नको. खिळे, स्क्रू घालून चढायच्या पायऱ्या, काटेरी स्पर, हे सरकारी जमिनीवर इथेही चालत नाही, मिशिगनमध्येही नाही. पट्ट्याने आवळायच्या स्टिकच वापरा. प्लॅटफॉर्म झाडावर ठेवून घरी जाणार असाल तर त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. मिशिगनमध्ये त्यावर नाव-पत्ता किंवा लायसन्सचा नंबर जमिनीवरून वाचता येईल असा लिहावा लागतो. रोज काढून नेलं तर डोक्याला ताप नाही. सॅडल असताना ठेवून यायची गरजच काय?

नवा_भिडू_डेट्रॉइट

जरा वेगळा प्रश्न. मी एच-१बीवर आहे. मला शिकार करता येते का? बंदुकीबद्दल वेगवेगळं ऐकलंय.

गाठ_आणि_दोर

फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या लोकांना बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यात राज्याचा वैध शिकार परवाना हा एक आहे. धनुष्य या कायद्यात बंदूक धरलं जात नाही, म्हणून आपल्यातले बरेच जण धनुष्यानेच सुरुवात करतात. १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये परवान्यासाठी हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. कोर्सआधी अनुभव घ्यायचा असेल तर अनुभवी माणसाबरोबर जाण्यासाठी अप्रेंटिस परवाना मिळतो. बंदूक हातात घ्यायच्या आधी मात्र इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्याने इथे अंदाजावर चालू नये.

एकच_स्टिक

सगळे चार स्टिक म्हणताहेत, मी वेगळं सांगतो. एकच स्टिक घ्या. ती लावा, वर चढा, टेदरवर लटका, स्टिक सोडवून वर लावा, पुन्हा चढा. झाडाच्या उंचीला बंधन नाही, पाठीवर वजन जवळजवळ नाही. उतरताना रॅपल करून, म्हणजे रोपवरून घसरत, सरळ खाली. कातळवाट यांना रॅपलिंग येतंच. सुळके उतरलेल्या माणसाला चार स्टिक कशाला हव्यात?

ग्रँडरॅपिड्सकर

पद्धत उत्तम आहे, पण पहिल्या हंगामात नको, असं माझं ठाम म्हणणं. एका स्टिकच्या चढाईत दोर पुन्हा पुन्हा उघडावा-बांधावा लागतो. चुकीची संधी प्रत्येक वेळी नव्याने येते. पहाटे पाच वाजता, उणे तापमानात, एका हाताने. माणूस बसल्या जागेवरून क्वचित पडतो. बहुतेक जण पडतात ते चढताना, उतरताना आणि एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाताना. चार स्टिक एकदा लावल्या की शिडीसारखं चढता येतं, लाइनमन रोप अंगावर राहतो. सुळक्यावर तुमच्याबरोबर बिले देणारा असतो, इथे जंगलात तुम्ही एकटेच असता.

एकच_स्टिक

एकटं असण्याचा मुद्दा मान्य. तरी अंगणातल्या झाडावर, दिवसाउजेडी, हंगामाबाहेर ही पद्धत शिकायला काय हरकत आहे? पुढच्या वर्षासाठी तयारी होईल.

ग्रँडरॅपिड्सकर

अजिबात हरकत नाही. उलट शिकाच.

अनुजा_पिट्सबर्ग

चढायचा विषय निघालाच आहे तर फांदी आडवी येते तेव्हाचं सांगते. लाइनमन रोप फांदीवरून पलीकडे न्यायचा तर तो क्षणभर सोडावा लागतो. तो सोडण्याआधी टेदर फांदीच्या वर बांधून ब्रिजला अडकवायचा, भार देऊन बघायचा, मगच लाइनमन रोप सोडायचा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत कुठल्या तरी एका दोराने तुम्ही झाडाला बांधलेलेच हवेत. याला अपवाद नाही. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावरही आधी टेदर, मग बाकी सगळं. धनुष्य कधी पाठीवर घेऊन चढू नका. बारीक दोरीला बांधून खाली ठेवा, बसल्यावर ओढून घ्या. बाण भात्यात असताना.

हिमगौरी

मी शिकार करत नाही, नवरा करतो. तीन मुलांची आई म्हणून लिहितेय. आमच्या घरात नियम असा: तो कुठल्या झाडाजवळ बसणार त्याची खूण फोनच्या नकाशावर मला आधी पाठवतो आणि परत निघण्याची वेळ सांगतो. ती वेळ उलटून गेली तर मी वाट बघत बसत नाही, फोन करते, उचलला नाही तर मदत मागवते. फोन पाठीवरच्या पिशवीत नाही, छातीच्या खिशात. लटकलेल्या माणसाचा हात पिशवीपर्यंत पोचत नाही. कातळवाट, तुमच्या घरी कुणी असेल तर तिच्याशी हे आधी बोला.

गाठ_आणि_दोर

ताईंचं शंभर टक्के बरोबर. जोडीला एवढंच, की पाय निसटून लटकलात आणि प्लॅटफॉर्मवर परत येता आलं नाही, तर बराच वेळ निश्चल लटकणं धोक्याचं असतं. पायांतलं रक्त वर यायला अडचण होते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. खिशात दोरीचा एक मोठा लूप ठेवा, टेदरला प्रुसिकने अडकवून त्यात पाय देऊन उभं राहता येतं. घरी एकदा प्लॅटफॉर्म मुद्दाम सोडून हे करून बघा.

उत्तर_विस्कॉन्सिन

बाण सोडण्याबद्दल. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला सॅडलमध्ये डावी बाजू सोपी आणि उजवी अवघड. म्हणून झाड निवडताना हरणांची वाट डावीकडून जाईल असं बघा. खोड तुम्ही आणि हरीण यांच्यामध्ये ठेवा, हरीण येताना खोडाआड राहा आणि ते पुढे सरकलं की झुका. सॅडलचा खरा फायदा तो. उजवीकडे बाण सोडायचा तर एका पायावर जोर देऊन पूर्ण वळावं लागतं, ब्रिज आणि धनुष्याची दोरी एकमेकांत अडकतात. हे वळणं अंगणात शंभरदा करा.

आणि फार उंच जाऊ नका. उंचीबरोबर कोन तिरपा होतो आणि दोन्ही फुप्फुसांतून बाण जायला जागा कमी उरते. पंधरा-अठरा फूट नवीन माणसाला भरपूर. जनावर जखमी होऊन पळणं यापेक्षा न सोडलेला बाण केव्हाही चांगला. सराव जमिनीवरून करून भागत नाही, उंचावरून, सॅडलमध्ये लटकून, कमरेतून वाकून करावा लागतो.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

शनिवारी ग्रँड रॅपिड्सकडच्या एका दुकानात जाऊन तीन सॅडल घालून बघितल्या. त्यांनी दुकानातच एक खांब उभा केलाय, प्रत्येकीत वीस-वीस मिनिटं लटकू दिलं. एका पट्ट्याची मला बरी वाटली. नितंबांवर ताण आला नाही आणि मी बसण्यापेक्षा रेलतोच जास्त, हे तिथेच कळलं. दोन पट्ट्यांची आरामशीर होती, पण मी सतत काहीतरी सरकवत बसलो होतो. एका पट्ट्याची नक्की केली. मोठा, दातेरी कडांचा प्लॅटफॉर्म घेतो, चार स्टिक घेतो, दोर नवे. हार्नेस कपाटात गेला.

शेवटचे दोन प्रश्न. माप शर्टावर घ्यायचं की जाकिटावर? आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू झाल्यावर धनुष्य घेऊन बसलो तर काय काळजी घ्यायची?

ग्रँडरॅपिड्सकर

माप नोव्हेंबरच्या कपड्यांवर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही शर्टावर असाल, पण महिनाअखेरीला आत लोकर आणि वर जाड पँट येते. सॅडल आवळता येते, आहे त्यापेक्षा मोठी करता येत नाही. दुकानात पुन्हा जाणार असाल तर जाडजूड कपडे घेऊन जा आणि ते घालून पायपट्टे लागतात का बघा. लेबलवर वजनमर्यादा असते, बहुतेक ठिकाणी तीनशे पौंडांच्या आसपास. तुमच्यासाठी प्रश्न नाही, तरी त्यात कपडे, पिशवी सगळं धरायचं.

१५ ते ३० नोव्हेंबर धनुष्यवाल्यांनाही नारिंगी टोपी किंवा जाकीट सक्तीचं आहे, सगळ्या बाजूंनी दिसेल असं, सर्वांत वर. सॅडलमध्ये एक जादा भानगड आहे. तुम्ही खोडाआड असता, समोरून येणाऱ्या बंदूकवाल्याला तुमचं जाकीट दिसतच नाही. म्हणून मी डोक्याच्या वर खोडाला चहूबाजूंनी नारिंगी कापडाची पट्टी गुंडाळतो. हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसांना लांबून दिसतो.

कातळवाट

कापडाची पट्टी यादीत घेतली. अंगणातल्या मेपलवर या आठवड्यापासून दोन फुटांवर लटकायला सुरुवात करतो. ब्रिजची लांबी आणि गाठीची उंची रोज लिहून ठेवतो, इथे टाकेन. काही खटकलं तर सांगा.

अनुजा_पिट्सबर्ग

फोटोही टाका, बाजूने काढलेला, म्हणजे कोन दिसतो. आणि आकड्यांसोबत त्या दिवशी पायात कुठले बूट होते तेही लिहा. जाड तळव्याच्या बुटांनी गाठीची उंची बदलते.